दणकट सुभद्रेची नाजूक लेक

सुभद्रा जन्मभर एका शब्दावर नांदली. तिला पाहायला आलेली सासू भर अंगणात म्हणाली होती, "पोट्टी दणकट हाय!" तेवढ्यावर सुपारी फुटली. कळमेश्वरजवळच्या त्या गावात पोरीच्या रूपाला याहून मोठा शब्दच नव्हता. आणि तिची लेक प्रेमिला तर आईच्या वरताण.

म्हणून मध्यस्थ नानाजीनं नागपूरच्या स्थळाची अट सांगितली, तेव्हा बैलांपुढे कडबा टाकणारी सुभद्रा जागीच थांबली.

"वैनी, पोराच्या मायले पोट्टी नाजूक पाह्यजे."

"नाजूक? काहून गा? त्याइच्या घरी वैद्य हाय का?"

"शहरात आता देखण्या पोरीले नाजूकच म्हनतेत!"

गावात नाजूक म्हणत ते तापातून उठलेल्या माणसाला, नाहीतर दूध न पिणाऱ्या वासराला. पण मुलगा कचेरीत कारकून होता, आणि आधीची दोन स्थळं फिरलेली. सुभद्रेनं ठरवलं, लेकीला नाजूक करायचंच. आठ दिवस तिनं तालीम घेतली.

"भीत धरून चाल वं! मधी मधी खोकल."

"माय, मले हासू येऊन राह्यलं."

"हास, पन कन्हून हास."

पाहुणे आले. प्रेमिला भिंतीच्या आधारानं आली, चहा सांडेपर्यंत हात थरथरवले, बसताना "अगाई गं" म्हणाली. मुलाची आई, कुसुमताई, चहा न पिताच उठल्या. "पोरीला आधी औषधपाणी करा. आम्ही निघतो."

सुभद्रेनं भरलेली कपबशी तशीच उचलली. एवढं राबून तिनं आपल्याच हातानं लेकीचं लग्न मोडलं होतं.

घरची तिघं-चौघं, मागून खोकत प्रेमिलाही, पाहुण्यांना वेशीपर्यंत पोचवायला गेली. वेशीपुढच्याच नाल्यातल्या काळ्या मातीत पाहुण्यांची दमणी, ती हलकी बैलगाडी, आसापर्यंत रुतली आणि बैलानं बसकण मारली. नवरा मुलगा चंद्रभान धोतर सावरत उतरला, तर तोही गुडघ्याएवढा आत गेला.

"अवं माय, मले काढा ना कोनी!"

प्रेमिलेला बैलाची दया आली. "माय, झालं माह्यं खोकलून!" म्हणत तिनं पदर खोचला आणि चाकाला खांदा दिला. दमणी वर आली. मग मागं वळून तिनं चंद्रभानला बखोटीला धरलं आणि मुळ्यासारखा उपटला.

कुसुमताई आपलं शहरी बोलणंच विसरल्या. "अवं बाई, हे तं दणकट हाय!"

सुभद्रेनं मान खाली घातली. "हो जी. माह्यी चूक झाली."

"चूक कायची, ईनबाई? माह्या पोराले चिखलातून काढनारं कोनी तं पाह्यजे!"

सुभद्रेला रडू आलं आणि हसूही. तिच्या नवऱ्यानं, रुपरावानं, धावत घरून सुपारी आणली आणि ती नाल्याच्या काठावरच फुटली.

आता कुसुमताईंच्या आळीतल्या बाया नानाजीला धरून बसतात, आम्हालाही दणकटच पोरगी पाहा म्हणून. गावात मात्र कोणी नाजूक म्हटलं, की एकही माणूस वासराकडे बघत नाही. सगळे सुभद्रेला विचारतात, "जावई कवा येऊन राह्यले?"