ज्याला वाकता येत नाही

मित्रांनो, मी दाराची एक जुनी चौकट आहे, आणि मुद्दाम बुटकी केलेली. सुतार उंची वाढवू म्हणत होता. पण घर गवंड्याचं असलं तरी शब्द त्याच्या बायकोचा. तिने भिक्खूंकडून ऐकलं होतं, की एकाने स्मशानातल्या प्रेतावरचं वस्त्र उचललं, तर ते प्रेत उठून त्याच्या दारापर्यंत आलं. उठलेल्या प्रेताला वाकता येत नाही, असं लोक सांगतात. म्हणून मी जेमतेम छातीएवढी.

बारा वर्षं पाहुण्यांना टेंगळं आली आणि शिव्या मी खाल्ल्या. गवंडी म्हणायचा, "भुतं राहिली बाजूला, इथे जिवंत माणसंच मरतील!" पण माझ्या भरवशावर बाई निर्धास्त होती.

मग एके दिवशी गवंडी परांचीवरून पडला. मुकादम धापा टाकत आला. "वहिनी, गेला हो तो!" दीर प्रेत आणायला गेले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी माझ्यासमोर कुणीतरी येऊन उभं राहिलं. आतून फक्त छाती दिसत होती, पांढरीफटक, दगडासारखी.

"अगं, मी आलोय."

बाईच्या हातून तांब्या पडला. "अहो... वाका बघू."

"वाकता येत नाही गं!"

लेक कुजबुजली, "आई, आवाज बाबांचाच आहे."

"आवाज प्रेतांनाही काढता येतो."

"अगं, दवाखान्यात घातलेलं प्लास्टर आहे! मुकादम नाडी न बघताच पळाला. भावाची नि माझी चुकामूक झाली."

कुणी हललं नाही. त्याचे पाय लटपटू लागले. तो पडला असता तर पाठ कायमची गेली असती, आणि मधे मी!

शेवटी बाई पुढे आली. माझ्यातून बाहेर पडायचं तर डोकं आधी पुढे करावं लागतं, आणि प्रेताने डोक्यावर हात ठेवला की माणूस तसाच होतो म्हणतात.

"आई, नको!"

ती वाकली. वरून हात आला आणि तिच्या डोक्यावर टेकला. मी शहारले.

हात घामेजलेला होता. ऊन होता.

"जपून, डोकं आपटेल," तो म्हणाला.

तिला रडू फुटलं. मायलेकींनी त्याला फळीवर आडवं करून आत सरकवलं. "हळू, मेलो!" तो ओरडला, तेव्हा लेक पहिल्यांदा हसली.

आज सुतार मला उंच करायला आला आहे. करवतीची भीती वाटते, पण चालेल. मित्रांनो, भीतीपोटी दार हवं तेवढं बुटकं करा. मात्र बाहेर कुणी हाक मारत असेल, तर वाकून एकदा त्याचा हात हातात घेऊन बघा.