पांढरी चारमधली जिग

"परत पांढरी चार?" मी बासरी मांडीवर टेकवून विचारलं.

"बाबा याच पट्टीत वाजवायचे." मॅलकीने फिडल हनुवटीखाली घेतलं. "झेपत नसेल तर चहा पी, डिम्पना."

तीस वर्षं रविवारी दुपारी पबात हेच चाललंय. ती जिग, म्हणजे नाचाची धून, आमचा अख्खा क्लेअर परगणा पांढरी पाचमध्ये वाजवतो. आमच्याकडे मात्र ती एक सूर खाली, तीही संथ, आणि माझी बोटं अर्धवट झाकायच्या भोकांवरून घसरत राहतात.

मॅलकी हेहिर आमचा पोस्टमन. चार वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. त्यांची रिळावरची एक टेप तेवढी राहिली. तिच्यात ही जिग, आणि नंतर जाडसर आवाजात त्याच्या आईला उद्देशून एक वाक्य. मॅलकीचा स्वतःचा आवाज इतका चिरका, की त्याने पत्राची हाक दिली की आधी कुत्री उत्तर देतात. "मी कुणावर गेलो देव जाणे," असं तो हसून म्हणायचा, पण त्याला ते लागायचं.

टेप झिजत चालली म्हणून त्याने ती माझ्याकडे कॉम्प्युटरवर उतरवायला दिली. मी ऐकत बसले होते. टेपच्या शेवटी आमच्या चर्चची दुपारची घंटा वाजते, आणि नेमक्या त्याच वेळी बाहेर खरी घंटा वाजली. घंटा तीच, माझ्या जन्माआधीपासून टांगलेली. पण टेपमधली बरोबर एक सूर खाली होती.

मी बासरीवर तीनदा ताडून पाहिलं. टेप हळू फिरली की सूर उतरतो, म्हणून घंटेशी घंटा जुळेपर्यंत तिचा वेग वाढवला. जिग पांढरी पाचमध्ये आली, सगळे वाजवतात तशी.

आता हे त्याला सांगायचं की नाही? दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी बुधवारी तो पत्रं घेऊन आला, तेव्हा त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि सांगून टाकलं.

"घंटाच बदलली असेल," तो म्हणाला.

"तुझा बाप्तिस्मा झाला तेव्हाही हीच होती रे."

"मग मी तीस वर्षं काय वाजवलं? टेपचा बिघाड?"

मी कॉम्प्युटरवर वेग वाढवलेली टेप लावली. जिग वाजली, संपली, आणि पाठोपाठ ते वाक्य आलं: "नोरा, पोरगं झोपलं का?"

आवाज पातळ, चिरका. मॅलकीने माझ्याकडे पाहिलं.

"हे मी कधी बोललो?"

"तू नाही बोललास, मॅलकी."

चहा तसाच राहिला. तो उठला, पिशवी खांद्याला लावली.

"रविवारी कुठली पट्टी?" मी विचारलं.

"मला काही कळेनासं झालंय गं. चार म्हटलं तर बाबा नाहीत, पाच म्हटलं तर बोटं माझी नाहीत."

मी खिडकीतून पाहत होते. शेजारच्या फाटकाशी त्याने हाक दिली, "पत्र आलंय!" कुत्रं भुंकलं. कीनबाई बाहेर आल्या, पत्र घेऊन आत गेल्या, दार लागलं.

तो तिथेच होता. त्याने पुन्हा एकदा हाक दिली, जरा हळू, आणि मान कलती करून आपलाच आवाज ऐकत उभा राहिला.