गोठ्यावरचा भोपळा

भोपळ्याचं बी यंदा सगुणाबाईनं आपल्या हातानं टोचलं होतं, आणि वेल गोठ्याच्या छपरावर चढून बसला तरी भोपळा काही धरेना. फुलाखाली बोटाएवढं कोवळं फळ दिसायचं, पिवळं पडायचं, गळायचं.

"हातच तसा," सासू तुळजाबाई म्हणायची. "जिची वटी मोकळी, तिनं बी लावू न्हाई, म्हून मी वरडत हुते."

एवढ्यावर भागतं तर सगुणानं गिळलं असतं. पण सासूनं शेजारच्या भरे गावची एक पोर बघून ठेवली होती. वेल उपटायचा, दिवाळीनंतर सगुणाला माहेरी धाडायचं, आणि जयसिंगाला दुसरी करायची. जयसिंग, तिचा नवरा, आईपुढं मान खाली घालून जेवायचा.

पडवीत शाळेच्या लीलाबाई भाड्यानं राहायच्या. एका सकाळी त्यांनी वर्गात दाखवायला फुलं मागितली. "एक खाली फळ असलेलं दे, एक नसलेलं."

"नसलेलं कुटलं, बाई? वांझोटी फुलं आत्याबाई उजाडायच्या आत खुडत्यात, भाजीला. पयलं वेल बांधावर असायचा, तितवर कोण जातंय? यंदा हाताशी हाय."

लीलाबाई थबकल्या. पानाआड राहिलेलं एक फूल त्यांनी शोधलं, मधल्या दांड्यावर बोट फिरवलं. बोट पिवळं झालं.

"हे वांझोटं नव्हे गं, हे नर. ही भुकटी म्हणजे परागकण. माशी ते मादीफुलाच्या मधोमध नेऊन टेकवते, त्या जागेला कुक्षी म्हणतात. तिथून पराग खाली उतरला, की आतलं बीजांड फळतं. ते फलन. नाही उतरला, तर फळ गळतं."

"मंजी त्यात मादीचा गुन्हा न्हाई?"

"एकटी ती काय करील?" मग बाई हलकेच म्हणाल्या, "माणसातही तसंच, सगुणा. कधी तिच्यात उणं, कधी त्याच्यात. पुण्याला दवाखान्यात दोघांनाही तपासतात."

दुसऱ्या दिवशी सासूच्या आधी उठून सगुणानं एक नरफूल मादीफुलाला टेकवलं. ओठांवर आपसूक ओवी आली:

वेल छपरी चढला, फुलं पिवळं गं सोनं
एकलीच्या कुशीमंदी, बीज धरावं कशानं?

ते फळ गळलं नाही. तांब्याएवढं झालं तसा तुळजाबाईनं त्याच्यावर हात फिरवला. "ह्योच कसा ऱ्हायला?"

सगुणानं फुलाचं सगळं सांगितलं. मग जयसिंगाकडं बघून दवाखान्याचंही. "दोगांनी जायाचं हाय. उणं माजं निगालं, तर माजी मी माहेरी जाईन. कुणी धाडायला नगं."

"फुलाचं न् माणसाचं एक असतंय व्हय?" तुळजाबाई कडाडली. पण दुसऱ्या सकाळी तिची टोपली अर्धीच भरली. छपरावर काही फुलं तशीच उमलून राहिली, माशांनी गजबजलेली.

जयसिंग न्याहरीला बसला. भाकरी मोडता मोडता त्यानं आईदेखत मान वर केली, सगुणाकडं बघितलं.

"पौडावरनं पुण्याची येष्टी कवा सुटती गं?"