शनिवारी थांबणारं घड्याळ

"बोला, शनिमहाराज की जय!"

इंदिरानगरातल्या माझ्या भावाच्या, किशोरदादाच्या, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला होता. सगळ्यांच्या नजरा भिंतीवरच्या जुन्या घड्याळावर. लंबकाचा झोका लहान लहान होत गेला आणि टिकटिक बंद पडली. बायकांनी तोंडाला पदर लावले. माझी आई, अनसूया, पुढच्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती.

"आईसाहेब, हे खाली येणारं वजन म्हणजे तुमचं आयुष्य," चांदवडकडून आलेले महाराज म्हणाले. "शनी ओढतोय. आज मी त्याला समजावतो, उद्या सकाळी किल्ली द्या. पण त्या बीपीच्या गोळ्या बंद म्हणजे बंद! ग्रहाला केमिकल सोसत नाही."

मला हसू आलं, पण आईचा चेहरा पाहून ते विरलं. गोळ्या तिनं महाराजांच्या सांगण्यावरून केव्हाच सोडल्या होत्या.

दादानं ते घड्याळ मनमाडच्या एका भंगारवाल्याकडून आणलं होतं. त्यात स्प्रिंग नाही; दोरीला टांगलेलं पितळी वजन हळूहळू उतरतं आणि त्याच्या ओढीवर चाकं फिरतात. दादानं काजळी खरवडली, चाकं रॉकेलमध्ये धुतली, दोरी बदलली, लाकडाला पॉलिश केलं. भिंतीवर लागल्यावर पहिल्याच शनिवारी ते थांबलं, आणि त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे नाना गेले. पुढच्या शनिवारी पुन्हा थांबलं. ज्यानं त्याचं एकेक चाक पुसलं होतं, तोच दादा आता त्याच्यासमोरून जाताना नजर खाली घालायचा.

मी शाळेत विज्ञान शिकवते. गर्दी पांगल्यावर मी जवळ जाऊन पाहिलं. लंबक स्थिर होता, पण त्याच्या चकतीशेजारी आलेलं वजन मात्र हलकेच झुलत होतं. पेटी एकाच खिळ्यावर लोंबत होती. बोट लावलं तरी डुलायची.

गुरुवारी दादा कंपनीत असताना मी किल्ली देऊन वजन वर चढवलं.

शनिवारी घड्याळ थांबलंच नाही. महाराज घामाघूम होऊन ओरडले, "पाहिलंत? शनी शांत झाला!"

"नाही," मी म्हणाले. "दादा रविवारी किल्ली देतो, म्हणून शनिवारी थांबायचं. मी गुरुवारी दिली. आता बुधवारी थांबेल."

महाराजांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "देवाच्या कामात हात घातलास, बाई. फळ घरातलंच कुणीतरी भोगेल."

रविवारी सकाळी आईच्या हातातून कप गळून पडला. तोंड वाकडं झालं.

हॉस्पिटलात दादा माझ्यावर धावून आला. "मोहिनी, कशाला हात लावलास गं त्या घड्याळाला?" क्षणभर मलाही भीती वाटली. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. "अर्धांगाचा झटका आहे. बीपीच्या गोळ्या कधीपासून बंद होत्या?"

"महाराज आले तेव्हापासून," दादा म्हणाला आणि बाकावर बसला.

बुधवारी दुपारी शेजारी पुन्हा जमले. जयजयकार नव्हता. महाराजांचा फोन बंद होता. वजन चकतीच्या बरोबरीला आलं, झुलू लागलं. लंबक मंदावला आणि घड्याळ थांबलं. कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

"एकाच फांदीला दोन सारख्या लांबीचे झोके बांधा," मी म्हणाले. "एक हलवलात की फांदी थरथरते आणि दुसराही झुलू लागतो, त्यात पहिल्याचा जोर जातो. वजन इथवर उतरलं की त्याचा झोका लंबकाएवढा होतो. पेटी सैल आहे, म्हणून लंबकाची गती ते ओढून घेतं. इतकंच."

दादा उठला. त्यानं ड्रिल आणलं आणि पेटी खालच्या बाजूनं स्क्रूनं भिंतीला घट्ट आवळली. लंबकाला धक्का दिला. वजन तिथंच होतं. या वेळी घड्याळ थांबलं नाही.

"एवढंच होतं?" तो म्हणाला आणि हमसून रडू लागला.

आई आता घरी आहे. उजवा हात अजून उचलत नाही. दादा तिला भरवतो, गोळ्या देतो. शनिवारी काही बंद पडलं, तर आधी त्याचा स्क्रू पाहा. तरीही भीती वाटली तर खुशाल घाबरा. पण गोळी घेऊन घाबरा.