वहिनीच्या घरी आलेलं पत्र

फोन वाजला तेव्हा गोदामाच्या रांगेत त्याचा ट्रक चौथा होता. पडद्यावर ‘वहिनी’ होतं. तिचा याआधीचा फोन दोन वर्षांपूर्वी, भाऊ गेल्याचं कळवायला आला होता.

“भाऊजी, तुमच्या ट्रकच्या कंपनीचं पत्र आलंय. वाचून दाखवते.”

ना कसे आहात, ना कुठे आहात. ट्रक घेतला तेव्हा तो भावाकडेच राहायचा, म्हणून कागदोपत्री पत्ता तोच राहिला. पुढे जागेच्या वाटणीवरून भावाभावांचं बिनसलं, हा तिरीमिरीत घराबाहेर पडला आणि ट्रकची केबिनच त्याचं घर झाली. भाऊ गेला तेव्हा तो दोन दिवसांच्या रस्त्यावर होता. माल उतरवेपर्यंत सगळं उरकलं होतं. मग कुठल्या तोंडाने जायचं, म्हणून तो गेलाच नाही.

वहिनी एकेक शब्द सुटा करून वाचत होती. या मॉडेलच्या सगळ्या गाड्या कंपनीने परत बोलावल्या आहेत. स्टार्टरकडे जाणारी जाड वायर इंजिनाच्या पट्टीला घासते, आवरण झिजलं तर शॉर्ट सर्किट होऊन आग लागू शकते. दुरुस्ती फुकट. तोवर गाडीत झोपू नये.

इथे ती थांबली. “तुम्ही अजून गाडीतच झोपता ना?”

“हो.”

“मग आजच जा. उद्यावर ढकलू नका.”

माल उतरवून तो थेट कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेला. मेकॅनिक म्हणाला, “मामा, वायर यायला तीन दिवस लागतील. घरी जाऊन या.”

तो “बरं” म्हणाला आणि पिशवी घेऊन फाटकाशी उभा राहिला. त्याच्या पुढच्या ड्रायव्हरला न्यायला मुलगी स्कूटर घेऊन आली होती. ती दोघं वळणापलीकडे जाईपर्यंत तो तिथेच होता. मग त्याने जवळच्या लॉजमध्ये खोली घेतली. केबिनमध्ये हात लांबवला की सगळं हाताशी असायचं. इथे पाण्याच्या बाटलीसाठीसुद्धा उठावं लागत होतं. पुढचे दोन्ही दिवस तो सकाळीच वर्कशॉपच्या बाकावर येऊन बसला.

“गाडी कुठे पळून जात नाही, मामा,” मेकॅनिक हसत म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मेकॅनिकने काढलेली जुनी वायर त्याच्या हातात ठेवली. आवरण सोलून निघालं होतं, नखाएवढं तांबं लखलखत होतं. “थोडक्यात वाचलात.”

हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. त्याने फोनमधली नावं वरून खाली पाहिली. दलाल, गोदाम, टायरवाला, दुसरा टायरवाला. शेवटी त्याने वहिनीलाच फोन लावला.

“काम झालं. तांबं उघडं पडलं होतं.”

“हं.” पलीकडे नळ वाहत होता.

“वहिनी, मी तेव्हा यायला हवं होतं.”

नळ बंद झाला.

“हवं होतं,” ती म्हणाली. “आम्ही दुपारपर्यंत थांबलो होतो.” मग थोड्या वेळाने, “जपून चालवा.” आणि तिने फोन ठेवला.

तो केबिनमध्ये चढला आणि नुसताच बसून राहिला. मागची गाडी आत घ्यायची होती म्हणून मेकॅनिकने दारावर थाप मारली. त्याने चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं, आणि तो ट्रक फाटकाबाहेर घेऊन गेला.