ओफाबाईंची कृपा

लग्नाला निघायच्या तोंडावर आमच्या डुकरिणीनं, ओफानं, माझ्या नवऱ्याची कमरेला गुंडाळायची नवी कोरी चटई चावून चावून लक्तरं करून टाकली. मी तिला शिव्या घातल्या आणि तिच्याहून जास्त नवऱ्याला, सेमिसीला, कारण चटई उन्हात टाकली होती त्यानंच, नेमकी तिच्या तोंडाशी. पण चटईशिवाय लग्नाला जाणं म्हणजे उघडं जाण्यासारखंच. शेवटी त्यानं तीच लक्तरं कमरेला बांधली.

आता आमच्या टोंगा बेटांवर इतकी फाटकी चटई फक्त बड्या घराण्यांत असते, पिढ्यान्‌पिढ्या जपलेली. मांडवाच्या दारातला म्हातारा ती बघून वाकलाच. "रावसाहेब, मागं कुठं निघालात? पुढं चला!" म्हणत त्यानं सेमिसीला थेट सरदारांच्या पंगतीत बसवलं. माझा दीर फिलिपे चकचकीत नव्या चटईत पार मागं, चपलांच्या ढिगाशेजारी.

"कुणाकडून आली हो ही?" म्हाताऱ्यानं अदबीनं विचारलं.

सेमिसीला खोटं बोलता येत नाही. "ओफाची कृपा."

"मोठी बाई असणार!"

"मोठी? दारात मावत नाही. सगळं घर टरकून असतं तिला."

हसू दाबायला मी तोंडात आख्खं रताळं कोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कुंपणाशी फिलिपे उभा, काखेत त्याची नवी चटई.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "ओफाबाई उठल्यात का?"