रनिंग किती?

डेपोत त्यांना खऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. सगळे ‘अ‍ॅव्हरेजराव’ म्हणत, आणि तेही तोंडावर. एकतीस वर्षं बसगाड्यांच्या डिझेलचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? कोणती बस लिटरला किती पळते आणि कोणता ड्रायव्हर उगाच क्लचवर पाय ठेवून बसतो, हे ते कागद न बघता सांगायचे.

त्यामुळे कोणाला घरची गाडी घ्यायची असली की आधी रावांकडे. पेट्रोल घेऊ की डिझेल? त्यावर रावांचा प्रश्न ठरलेला, “रनिंग किती?” मग गणित सुरू. डिझेलची गाडी दीड लाखानं महाग. किलोमीटरमागे वाचतात दोन. म्हणजे पंचाहत्तर हजार किलोमीटर होईपर्यंत तुम्ही नुसती भरपाई करताय. ज्याचं फिरणं वर्षाला पंधरा हजारांच्या आत, त्यानं डिझेलच्या वाटेला जाऊ नये. उभी राहून राहून गाडी दुखणी काढते. एका मेकॅनिकला तर त्यांनी भर कँटीनमध्ये सुनावलं होतं, “दारात शोभेलाच ठेवायचीय तर कुंडी घे की.” लोक हसायचे आणि ऐकायचेही.

आता पाळी त्यांची स्वतःची होती. दोन महिन्यांनी निवृत्ती. एकुलती एक मुलगी एकशे नव्वद किलोमीटरवर दिलेली. बायकोच्या गुडघ्यांना बसचा प्रवास झेपत नव्हता आणि नातीचं तोंड बघून सात महिने झाले होते. तेव्हा दर शनिवारी जायचं आणि रविवारी परतायचं, असं दोघांनी ठरवून टाकलं. बावन्न आठवड्यांचे जवळजवळ वीस हजार किलोमीटर. डिझेल! इतकं सरळ गणित रावांना कधी मिळालं नव्हतं.

बायको तर हवेतच होती. नातीला गाडीत मानेखाली घ्यायला म्हणून तिनं छोटी उशी शिवायला काढली.

“माझे बाबा आपल्याकडे मोजून चारदा आले,” सुई ओवता ओवता ती म्हणाली. “तेही बसनं, उभ्यानं.”

“त्यांच्याकडे गाडी कुठे होती,” राव म्हणाले. तिनं उशीला पहिला टाका घातला.

मंगळवारी दुपारी डबा खाऊन रावांनी मुलीला फोन लावला. शनिवारी किती वाजता आलेलं बरं, एवढंच विचारायचं होतं.

“दर आठवड्याला?” मुलगी म्हणाली आणि तिनं आवाज खाली आणला. “नको बाबा. वर्षातून एकदा, फार तर दोनदा या. यांना आवडत नाही. मागच्या वेळी तुम्ही गेल्यावर आठ दिवस हे माझ्याशी बोलले नव्हते.”

“मी बोलू का जावईबापूंशी?”

“अजिबात नको. मग मलाच भोगावं लागेल.”

“तुझं बरं चाललंय ना गं?”

“आईला यातलं काही सांगू नका. ठेवते, हे आले.”

समोर एक ड्रायव्हर कागद घेऊन सहीसाठी उभा होता, आणि सही कुठे करायची हे रावांना सुचेना. लेकीच्या घरात काय चाललंय ते त्यांना कळलं होतं. त्यावर करण्यासारखं त्यांच्या हातात काहीसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी घरी पोचतात तोच शोरूममधून फोन आला. बुकिंग आजच करायचं होतं, पेट्रोल की डिझेल तेवढं सांगा. डिझेल म्हणून टाकावं, असं रावांच्या मनात आलं. बायको खुशीत राहील, शनिवार आला की काहीतरी सबब काढता येईल. पण एकतीस वर्षांत ज्यानं खोटा आकडा लिहिला नव्हता त्या माणसाची जीभ रेटेना.

“पेट्रोल,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

बायको उशीचा दोरा दातानं तोडत होती, ती थांबली. लग्नापासून तेच गणित जेवतानासुद्धा ऐकत आलेली बाई ती.

“रनिंग किती धरलंत?”

राव बूट काढत बसले.

“अहो, मी विचारतेय.”

“सातशे साठ.”

“महिन्याला?”

“वर्षाला.”

तिनं मनातल्या मनात भागाकार केला. “म्हणजे दोनदा.”

“फार तर.”

“पोरीला त्रास आहे?”

रावांनी होकारार्थी मान हलवली. सांगू नका म्हणून लेकीनं बजावलं होतं, पण आता लपवायला राहिलं होतं काय?

“मग गाडी तरी कशाला घ्यायची?” बायको म्हणाली.

“एक ना एक दिवस ती म्हणेल, बाबा, मला न्यायला या. तेव्हा काय बसची वाट बघत बसायचं आपण?”

“नाही म्हणायची ती.” तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच रावांना सोसवेना. “मी तरी कुठे म्हटलं होतं? बाबा येतो म्हणाले की मीच सांगायचे, वर्षातून एकदा या, यांना आवडत नाही.”

तिनं उशी उचलली आणि कपाटात ठेवायला ती आतल्या खोलीत गेली. राव आठवत बसले. तोंडानं ते तसं कधीच म्हणाले नव्हते. सासरे येऊन गेले की आठ दिवस ते बायकोशी बोलत नसत, एवढंच.